नकाशावरचा रस्ता आणि परीक्षेचा रस्ता

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या कोकणात दोन गोष्टींना उधाण येते. एक निकाहांना आणि दुसरे गाडी शिकण्याला. बारावी झालेली मुले, परदेशी निघालेले जावई, आणि अलीकडे माशाअल्लाह आपल्या घरांतल्या सुना-मुलीसुद्धा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसलेल्या दिसतात. शाळेत शिक्षक म्हणून काम करत असल्यामुळे परीक्षा कसलीही असो, लोक तयारीचे आम्हालाच विचारतात. यंदा एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या घरांतून आला. गाडीच्या प्रत्यक्ष परीक्षेची तयारी मोबाइलवरच्या नकाशावरून करता येते का?

येते. पण कशी करायची आणि कुठवर करायची, हे समजून न घेता केली तर तीच तयारी अंगावर येते. दोन्ही घरांत आम्ही जे पाहिले ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिले घर आमच्या भाचीचे. ती इंग्लंडमध्ये असते. वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम करते. सकाळी सातला पाळी सुरू होते आणि तेवढ्या लवकर त्या बाजूला बस नाही. नवरा रात्रपाळीला. लहान मूल शाळेत जाते. भारतातले लायसन्स तिच्याकडे होते, पण ब्रिटनचा नियम असा की तिथे राहायला गेल्यापासून बारा महिनेच आपले लायसन्स चालते. भारताच्या लायसन्सच्या बदल्यात तिथले लायसन्स मिळत नाही. तेवढ्या मुदतीत तिथले तात्पुरते लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पास कराव्या लागतात. नाही केल्या तर इथे दहा वर्षे गाडी चालवलेला माणूससुद्धा तिथे शिकाऊ ठरतो. परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींपैकी अनेकांना हे बारावा महिना लागल्यावर कळते. ज्यांच्या घरातले कुणी निघाले असेल त्यांनी हे आधीच सांगून ठेवावे.

भाचीचे बारा महिने बाळंतपणात आणि घर लावण्यात गेले. मग ती शिकाऊ झाली. शिकाऊ माणसाबरोबर जो बसतो त्याचे वय २१ च्या वर हवे आणि त्याच्या हातात पूर्ण लायसन्स येऊन तीन वर्षे झालेली हवीत. जावयांना तिथले लायसन्स मिळून दोनच वर्षे झाली होती. म्हणजे घरचा माणूस, घरची गाडी, पण सरावाला उपयोग नाही. आठवड्यातून एकदा पैसे भरून शिक्षकाबरोबर जो तास मिळेल तोच. उरलेले सहा दिवस तिने मोबाइलवर काढले.

इंटरनेटवर तिला त्या परीक्षा केंद्राचे रस्ते सापडले. कुणी व्हिडिओ टाकलेले, कुणी ॲपमध्ये विकायला ठेवलेले. तिने एक रस्ता निवडला आणि पाठ केला. केंद्रातून निघून डावीकडे, दुसऱ्या सिग्नलला उजवीकडे, पेट्रोल पंपानंतर सर्कल, तिसरी वाट. झोपेत विचारले असते तरी सांगितले असते.

परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या सिग्नलला परीक्षकाने लावलेल्या यंत्राने डावीकडे वळायला सांगितले. तिचे हात उजवीकडे निघाले होते. चूक लक्षात आली तशी तिने आरशात न पाहता एकदम लेन बदलली. मागच्या गाडीला ब्रेक लावावा लागला. गंभीर चूक नोंदली गेली आणि परीक्षा तिथेच संपल्यासारखी झाली. तिथे किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ असतात, पण गंभीर किंवा धोकादायक चूक एकही चालत नाही.

रात्री फोनवर ती रडत होती. "खाला, मी रस्ता चुकले म्हणून नापास झाले." आम्ही तिला निकालाचा कागद वाचून दाखवायला सांगितले. त्यात रस्ता चुकल्याचा उल्लेखही नव्हता. आणि असणारही नव्हता, कारण त्या परीक्षेत चुकीच्या वाटेने जाणे ही चूकच धरत नाहीत. उजवीकडे गेली असती, नीट इंडिकेटर देऊन आणि आरसा पाहून गेली असती, तर परीक्षकाने पुन्हा वाटेवर आणले असते. तिला पाठ केलेल्या वाटेने दगा दिला. वाट मोडली तसे तिचे सगळे लक्ष वाटेकडे गेले आणि मागच्या गाडीकडे राहिले नाही.

आम्ही भाषा शिकवतो, मराठी आणि उर्दू. दरवर्षी वर्गात अशी दोन-चार मुले असतात जी गाइडमधली उत्तरे शब्दाला शब्द पाठ करतात. धड्यावरचा प्रश्न जसाच्या तसा आला तर पैकीच्या पैकी. प्रश्नाची भाषा जरा बदलली की तीच मुले कोरा कागद ठेवतात. म्हणूनच प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा असतो. पूर्वी न वाचलेला मजकूर समोर ठेवायचा आणि पाहायचे की मुलाला भाषा येते की फक्त धडा येतो.

ब्रिटनच्या परीक्षेतही हा अपठित उतारा आहे. २०१० पर्यंत तिथे परीक्षेचे रस्ते सरकारच जाहीर करत असे. त्या वर्षी स्वतंत्रपणे गाडी चालवण्याचा भाग परीक्षेत आला आणि रस्ते जाहीर करणे बंद झाले. तेव्हा हा भाग दहा मिनिटांचा होता. डिसेंबर २०१७ पासून तो वीस मिनिटांवर नेला. परीक्षा सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे परीक्षेच्या मोठ्या भागात परीक्षक पावलापावलाला काही सांगत नाही. बहुतेकांना दिशादर्शक यंत्राच्या सूचनेप्रमाणे आणि काहींना रस्त्यावरच्या पाट्या वाचून जावे लागते. मूळ हेतू हाच की उमेदवाराने उद्या एकटे असताना जसे वागायचे तसे आज वागून दाखवावे. मग पाठ केलेल्या वाटेचा काय उपयोग? आणि ज्या गोष्टीचा उपयोग नाही ती पैसे घेऊन विकणाऱ्यांचे काय बोलायचे?

नापास झाल्यावर निदान दहा कामाचे दिवस थांबावे लागते. हा झाला कायदा. प्रत्यक्षात तिला पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. आठवड्याच्या दिवशीची परीक्षेची फी ६२ पौंड, शिवाय शिक्षकाच्या गाडीचे वेगळे. तेवढे चार महिने पहाटे टॅक्सी. महिन्याच्या पगारातून ही रक्कम जाऊ लागली की घरात शब्दाला शब्द लागतो. जावई समजूतदार आहेत, तरी एकदा बोलून गेले की नोकरीच सोड. इथे आम्हाला गोष्टीचे गांभीर्य कळले. परीक्षा गाडीची होती, पणाला नोकरी लागली होती.

मग आम्ही दोघींनी नकाशाचा अभ्यास नव्याने सुरू केला. इथे ईशा झाली की तिथे दुपार असायची. ती व्हिडिओ कॉलवर, दोघींसमोर तोच नकाशा. आम्ही तिला एकच अट घातली. रस्ता पाठ करायचा नाही, रस्त्याचे व्याकरण शिकायचे. परीक्षा केंद्राभोवतीच्या चार-पाच मैलांत ज्या ज्या प्रकारचे चौक आहेत त्यांची यादी करायची आणि प्रत्येक प्रकार कसा पार करायचा ते बोलून दाखवायचे.

शाळेत भूगोलाच्या तासाला नकाशावाचन शिकवतात. दिशा, सूची, प्रमाण. मोबाइलवरच्या नकाशालाही हेच लागू आहे, फक्त तो तीन थरांत वाचायचा असतो.

पहिला थर साध्या नकाशाचा. यात रस्त्यांचे जाळे कळते. बोटांनी मोठा करून पाहिला तर एकेरी रस्त्यावर छोटे बाण दिसतात. मोठा रस्ता कोणता, त्याला मिळणाऱ्या गल्ल्या कोणत्या, शाळा आणि दवाखाने कुठे, रेल्वेचे फाटक कुठे, हे इथे पाहून घ्यावे. पाहून झाल्यावर मोबाइल उलटा ठेवावा आणि आठवून कागदावर पेन्सिलने काढावे. सुबक नको. जे आठवले नाही ते आपण पाहिलेच नव्हते, असे समजावे.

दुसरा थर उपग्रहातून घेतलेल्या चित्राचा. यात चौकाचा खरा आकार दिसतो. तिथल्या सर्कलमध्ये कधी तीन वाटा फुटतात, कधी पाच. कोणत्या वाटेसाठी कोणत्या लेनमध्ये आधीच राहायचे, ते जमिनीवर रंगवलेल्या बाणांवरून समजते. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा तिथला सर्कलचा मुख्य नियम. काही चौकांत पिवळ्या तिरप्या रेघांची जाळी रंगवलेली असते. पुढे वाट मोकळी असल्याखेरीज त्या जाळीत शिरायचे नसते. भाचीच्या भागात अशा तीन जाळ्या निघाल्या. त्यांतल्या एकीवरून ती वर्षभर जात होती आणि तिला ती माहीत नव्हती.

तिसरा थर रस्त्यावर उभे राहून दिसणाऱ्या चित्राचा. याला स्ट्रीट व्ह्यू म्हणतात. गूगलने ही सोय २००७ मध्ये अमेरिकेत सुरू केली, ब्रिटनमध्ये २००९ मध्ये आली. यात बोटाने पुढे सरकत गेले की गाडीतून दिसावा तसा रस्ता दिसत जातो. इथे शोधायच्या त्या पाट्या. वेगमर्यादेचा फलक झाडाआड आहे का, थांबा म्हणणारी पाटी आहे की फक्त वाट द्या म्हणणारी, बससाठी राखलेली लेन कुठे सुरू होते आणि तिच्या वेळा काय. तिथे वेग मैलांत मोजतात. २० ची पाटी म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर, ३० ची म्हणजे सुमारे ४८. इथून गेलेल्यांनी हा हिशेब पक्का करावा. आणि चित्राच्या कोपऱ्यात ते कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी घेतले ते लिहिलेले असते. ते आधी वाचावे. चार वर्षांपूर्वीच्या चित्रात जिथे ३० ची पाटी आहे तिथे आज २० ची असू शकते.

आमचा रोजचा तास असा चाले. ती चौकाच्या अलीकडे चित्रावर थांबायची. आम्ही विचारायचो, "आता काय काय बघशील?" ती म्हणायची, "आधी मधला आरसा, मग डावा आरसा, इंडिकेटर, वेग कमी, उजवीकडून कुणी येतंय का." मग आम्ही मुद्दाम वाट बदलायचो. "यंत्र म्हणतंय दुसरी वाट, पण तू चुकून तिसरीच्या लेनमध्ये आहेस. आता?" सुरुवातीला ती गडबडायची. महिन्याभराने शांतपणे सांगू लागली, "तिसरीनेच जाईन. परत येता येतं."

हे उत्तर आले त्या दिवशी आम्हाला वाटले, आता ही पास होणार. परीक्षेत तिला पूर्वी न पाहिलेला रस्ता मिळाला. एका ठिकाणी ती खरोखर चुकीच्या वाटेने गेली आणि नीट गेली. चार किरकोळ चुका झाल्या, पास झाली. आता पहाटेची टॅक्सी बंद आहे आणि नोकरी चालू आहे, अल्हम्दुलिल्लाह.

दुसरे घर इथलेच, आमच्या शेजारचे. भाभींचे यजमान कुवेतला. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आले तेव्हा लहान गाडी घेऊन ठेवली. ती अंगणात ताडपत्रीखाली उभी. बॅटरी उतरू नये म्हणून दिराचा मुलगा आठवड्यातून एकदा येऊन चालू करतो, पाच मिनिटे घुरघुर होते आणि पुन्हा ताडपत्री. घरात सासूबाई, त्यांना दम्याचा त्रास. गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता त्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली. रिक्षावाल्याला फोन करून करून थकल्यावर कुणाच्या तरी टेम्पोतून नेले. अंगणातली गाडी तशीच उभी. त्या रात्रीनंतर सासूबाईंनीच सुनेला सांगितले, "तू शिक. मी बघते कोण काय बोलतंय ते."

आपल्याकडची पद्धत निराळी. शिकाऊ लायसन्ससाठी आता आधार कार्डाच्या आधारे घरबसल्या सारथी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो आणि चाचणी देता येते. हे लायसन्स सहा महिने चालते. ते मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा, आणि तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते. तालुक्याच्या गावी परिवहन कार्यालयाचे शिबिर ठरलेल्या दिवशी भरते, तिथे मैदानावर किंवा जवळच्या रस्त्यावर परीक्षा होते. मोठ्या शहरांत खास ट्रॅक आहेत. तिथे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आणि एच या अक्षरासारखा मार्ग आखलेला असतो. आठ म्हणजे आपला मराठी ८ नव्हे, आणि उर्दूचा आठ तर मुळीच नव्हे. दोन गोल एकमेकांना चिकटलेले, हा तो आठ.

मग नकाशाचा इथे काय उपयोग? भाभींनीही हेच विचारले. ट्रॅकवर ना चौक ना पाट्या.

पहिला उपयोग ट्रॅकच बघण्याचा. पक्का ट्रॅक असेल तर उपग्रहाच्या चित्रात त्याची वळणे वरून दिसतात. आत कुठून शिरायचे, वळण किती अरुंद, चढ कुठल्या बाजूला. हे पाहून त्याच आकाराचा आठ मोकळ्या मैदानात चुन्याने आखावा आणि त्यावर फिरवून पाहावे. भाभींनी पटांगणात विटा मांडल्या. पहिल्या दिवशी सात विटा पडल्या. पंधरवड्याने एकही नाही.

दुसरा उपयोग अधिक मोलाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या पंधराव्या नियमात परीक्षेत काय काय करून दाखवायचे याची यादी दिली आहे. आरसा नीट करणे, गाडी सावकाश काढणे, गिअर वेळेवर बदलणे, डावी-उजवी वळणे बरोबर घेणे, मागे घेत अरुंद जागेत शिरणे, अचानक थांबवणे, आणि चढावर थांबून गाडी मागे न सरकू देता पुन्हा निघणे. आठ काढला की परीक्षा झाली, असे आपल्याकडे समजतात. कायद्याने मागितलेले त्याहून पुष्कळ आहे. कोकणात राहणाऱ्याला तर चढावरची सुरुवात आलीच पाहिजे. कशेडीच्या घाटात पुढची एसटी थांबली आणि मागे ट्रक उभा असला, म्हणजे हा नियम का केला ते समजते.

आम्ही भाभींना यादी वहीत उतरवून काढायला लावली आणि प्रत्येक ओळीसमोर आपल्या गावाजवळची एक जागा नकाशावर शोधायला सांगितली. चढ कुठे? मशिदीच्या मागचा. मागे घ्यायला जागा कुठे? शाळेचे फाटक, सुट्टीच्या दिवशी. अरुंद वळण? बाजारपेठेतले, पण सकाळी सातच्या आत. संगणकावर नकाशा उघडला तर दिवस आणि वेळ निवडून एरवी गर्दी कशी असते तेही रंगांत पाहता येते. मोठ्या रस्त्यांपुरते ते बरेचसे खरे निघते. अशा रीतीने यादीतल्या प्रत्येक गोष्टीला गावात एक ठिकाण मिळाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकांना त्यांनी ती वही दाखवली. ते हसले, पण त्यानंतर रोज त्याच वहीप्रमाणे नेऊ लागले. पैसे तेवढेच, शिकणे दुप्पट.

रस्त्यावर उभे राहून पाहण्याची सोय आपल्याकडे उशिरा आली. सुरक्षेच्या कारणांवरून भारतात तिला बरीच वर्षे परवानगी नव्हती. जुलै २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या साथीने ती दहा शहरांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातली चार होती: मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर. पुढे ती वाढत गेली. तुमच्या गावाला ती नसेल तर हरकत नाही. स्वतः पायी फिरून या. वहीत पाटी, वळण, खड्डा, गतिरोधक टिपा. पायी पाहिलेला रस्ता कुठल्याही चित्रापेक्षा ताजा असतो.

परीक्षेच्या दिवसासाठीही नकाशा कामाला येतो. शिबिराची जागा आदल्या दिवशी शोधून ठेवावी. नेटवर्क जाण्याची भीती असेल तर त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, तो इंटरनेटशिवायही चालतो. धावतपळत पोहोचणाऱ्याचे पाय क्लचवर थरथरतात.

आता नकाशाला काय येत नाही, तेही सांगायला हवे. नकाशात बकरी नसते. नकाशाला ठाऊक नसते की पाच वाजता मदरसा सुटतो आणि पोरे टोप्या सावरत एका उडीत रस्ता ओलांडतात. एसटी थांबली की तिच्या पुढून कुणीतरी येणारच, हे त्याला कळत नाही. आमच्या गावच्या रस्त्यावर दुपारी भाताचे तूस वाळत घालतात, तेही कुठल्या उपग्रहाच्या चित्रात नाही. हे सगळे पाहणे चालवणाऱ्याचे काम आहे, आणि ते करायला त्याचे डोळे मोकळे हवेत. नकाशाचा खरा फायदा इथे आहे. वळण कुठे, पाटी कुठे, लेन कोणती, याचा गोंधळ घरीच मिटवला तर रस्त्यावर डोळे माणसांसाठी उरतात. वाट पाठ केली तर उलटे होते. डोळे आठवणीत असतात आणि माणूस समोर.

आणखी एक. गाडी सुरू असताना मोबाइल हातात घेऊन नकाशा पाहणे हा अभ्यास नव्हे. ऑक्टोबर २०२० पासून आपल्या नियमांत वाट पाहण्यापुरता मोबाइल वापरायची मुभा आहे, पण चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होता कामा नये, या अटीवर. शिकणाऱ्याचे लक्ष मुळातच चार ठिकाणी असते. त्याने ही मुभा घेऊच नये. मोबाइल स्टँडवर लावून फक्त आवाज ऐकावा, तोही पुरेसा सराव झाल्यावर. ब्रिटनमध्ये तर शेजारी बसून शिकवणाऱ्यालाही मोबाइल हातात धरायला मनाई आहे. हा नियम इथेही घरोघर पाळायला हरकत नाही. शिकवणारे काका स्क्रीनवर बोट फिरवत बसले आणि शिकणारी एकटी पडली, असे आम्ही पाहिले आहे.

भाभींची परीक्षा पुढच्या शिबिराला आहे. तयारी चांगली आहे. निकाल अल्लाहच्या हाती. पण एक अडचण अजून उरली आहे, आणि तिच्यावर कुठल्याही नकाशात उपाय नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे तास संपले. आता रोज अर्धा तास घरची गाडी हवी आणि शेजारी बसायला पक्के लायसन्स असलेला माणूस हवा, कारण शिकाऊला एकटीने चालवायला कायद्याने मनाई आहे. गाडी आहे. लायसन्सवाले पुतणे आहेत, दीर आहेत, मावसभाऊ आहेत. पण अर्धा तास कुणाकडे नाही. मुलगा शिकायला निघाला की अख्खी गल्ली शेजारी बसायला तयार असते. सून निघाली की सगळ्यांना कामे आठवतात.

आमची घराघरांतल्या कर्त्या माणसांना विनंती एवढीच आहे. तुमच्या घरी कुणी शिकत असेल तर या महिन्यात तिला रोज अर्धा तास द्या. फज्रनंतर द्या, रस्ते मोकळे असतात. पुढच्या आसनावर बसा, मोबाइल खिशात ठेवा आणि ओरडू नका. यादी तिच्या वहीत आहे, जागा तिने नकाशावर शोधून ठेवल्या आहेत. तुम्हाला फक्त सोबत बसायचे आहे. आणि तुमच्यापैकी कुणी या वर्षी इथे किंवा परदेशात परीक्षा दिली असेल, तर कोणत्या ठिकाणी अडलात आणि कसे सुटलात ते आम्हाला जरूर कळवा. पावसाळ्यात गाडी शिकणाऱ्यांसाठी आम्हाला त्यावर पुढे लिहायचे आहे.